तरंगणारी वीट

ब्लॉक बुडत नव्हता म्हणून मिस्त्रींनी त्याच्यावर पाय दिला होता.

आडवा कापलेला निळा ड्रम, त्यात वीतभर पाणी, पाण्यात पांढुरका लांबोडका ब्लॉक आणि ब्लॉकवर मिस्त्रींचा उजवा पाय. पायाखालून बुडबुडे येत होते. पाय जरा सैल झाला की ब्लॉक टुणकन वर यायचा. मिस्त्री पुन्हा दाबायचे आणि बाजूच्या बिगाऱ्याला म्हणायचे, "लई माजलाय ह्यो." मे महिना, सकाळचे साडेनऊ, घोडबंदर रोडवरच्या आमच्या साइटचा नववा मजला. एका अंगाला येऊरचा डोंगर, वाळल्या गवताच्या रंगाचा. खाली रस्त्यावर मेट्रोचे खांब आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी धूळ.

मी फाइल घेऊन जिना चढून आले होते. त्या फाइलीत दोनच दिवसांपूर्वीच्या तारखेला याच मिस्त्रींची सही होती. विषय : एएसी ब्लॉकचे काम व पर्यावरणपूरक बांधकाम. कालावधी : ४५ मिनिटे. प्रशिक्षक : मी.

साइटवर मला 'क्वालिटीवाल्या मॅडम' म्हणतात. गेली काही वर्षं त्यात 'ग्रीन' हे शेपूट जोडलं गेलंय, कारण हल्ली प्रत्येक टॉवरच्या जाहिरातीत 'प्री-सर्टिफाइड गोल्ड' असं पर्यावरणपूरक इमारतीचं रेटिंग असतं आणि ते गोल्ड कागदावर टिकवायला कुणीतरी लागतं. मी परीक्षाही दिली त्यासाठी, चाळिशी उलटल्यावर. मुलीच्या शेजारी बसून अभ्यास केला. ती भूगोल करत होती, मी उष्णतेचं वहन.

एएसी ब्लॉक म्हणजे फुगवलेलं काँक्रीट. वीजकेंद्रातली राख, सिमेंट, चुना, थोडं जिप्सम आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड. पूड चुन्याशी भिडली की हायड्रोजन सुटतो, मिश्रण फुगतं, मग ते तारेनं कापून ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली पिकवतात. एका घनमीटरला वजन साधारण साडेपाचशे-सहाशे किलो. तेवढ्याच पाण्याचं हजार किलो. तरंगणारच तो. पोटात हवा असल्यामुळे भिंतीतून ऊन कमी आत येतं. भाजक्या विटांसाठी शेताची वरची माती खरवडावी लागत नाही, आणि राखेची सोय लागते. म्हणून ग्रीनच्या कागदांवर त्याला मान. पण तो भिजवून लावला की वाळताना आकसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात गिलाव्यावर सांध्यासांध्यातून भेगा उमटतात. शिवाय पाणी भरलेला ब्लॉक ऊनही नीट अडवत नाही. ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच त्या ड्रमात बुडबुड करत वर येत होतं.

"मामा, परवा काय सांगितलं होतं मी?"

"सांगितलं व्हतं की." त्यांनी पाय काढला नाही. "पण ताई, वीट तहानलेली लावत नसतेत. ती मालातलं पाणी पिती. मग माल मरतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण हे खरं आहे. कोरडी भाजकी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला पकडायला पाणी उरत नाही, सांधा भुसभुशीत राहतो. कॉलेजात हेच मी दहा मार्कांसाठी लिहिलं होतं. मुखेडकडचा हा माणूस वयाच्या सोळाव्या वर्षी थापी धरायला शिकला तेव्हा त्याच्या मामानं त्याला हेच सांगितलं असणार, बहुधा पाठीत एक धपाटा घालून. तीस वर्षं त्यानं ते पाळलं. आणि मी पंचेचाळीस मिनिटांत, कंटेनर ऑफिसात पडद्यावर चित्रं दाखवून, ते पुसायला निघाले होते.

त्या चित्रांबद्दल सांगायला मला लाज वाटते. पहिल्या स्लाइडवर वितळणाऱ्या बर्फावर उभं असलेलं पांढरं अस्वल होतं. दुसऱ्यावर जगाच्या कार्बनमध्ये सिमेंटचा वाटा, सात-आठ टक्के. आकडा बरोबर आहे. चुनखडी साडेचौदाशे अंशांना भाजतात, तेव्हा भट्टीच्या इंधनातून निघतो त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच सुटतो. मला हे सांगताना नेहमी भरून येतं. समोर तीस माणसं बसली होती, त्यांतली निम्मी रात्रपाळी करून आलेली. एसी चालू होता. त्यांच्यासाठी तो दिवसातला सगळ्यात सुखाचा पाऊण तास होता आणि त्यांनी तो डोळे मिटून घेतला. शेवटी रजिस्टर फिरलं, सह्या झाल्या, अंगठे उठले, फोटो निघाले. ग्रीन कन्सल्टंटला फोटो हवे असतात.

नवव्या मजल्यावर मात्र अस्वल नव्हतं. मी ड्रमाशेजारी उकिडवी बसले आणि तुटलेल्या ब्लॉकचा तुकडा उचलून मिस्त्रींना दाखवला. भोकंच भोकं.

"मामा, हे कशासारखं दिसतंय?"

त्यांनी तुकडा हातात घेतला, नखानं टोकरला. भुगा पडला. "पावासारखं."

"पावासारखंच फुगवतात. आता पाव चहात बुडवला की?"

"फुगतंय."

"आणि मग वाळत ठेवला तर?"

ते थांबले. पाय ड्रमातून बाहेर आला. ब्लॉक वर येऊन डुलत राहिला. "आकसून कडक होतंय," ते म्हणाले, आणि लगेच, "मग ही वीट न्हाईच की. वीट म्हणू नगा हिला. वीट म्हणता म्हणून आमी भिजवतो."

हे मला कुठल्याही परीक्षेत कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीच त्याला 'एएसीची वीट' म्हणत होतो आणि शब्दाबरोबर विटेचे सगळे संस्कार त्याला लागू होत होते. त्या दिवसापासून आमच्या साइटवर त्याचं नाव पाव. 'पाव का गाडी आया', 'पाव कट करो'. स्टोअरच्या वहीतसुद्धा एकदा 'पाव ४ इंची' अशी नोंद सापडली आणि ऑडिटरनं भुवया उंचावल्या. आता ब्लॉकवरची धूळ ब्रशनं झटकायची, नुसता ओला हात फिरवावा तसा ओलावा द्यायचा आणि तयार गोंद तीन-चार मिलिमीटरचा ओढायचा. त्या गोंदात पाणी धरून ठेवणारं रसायन असतं, म्हणजे मामांची 'माल मरतो' ही काळजी कारखान्यानं आधीच घेतलेली असते. हे सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं. आपलं म्हणणं चूक नव्हतं, फक्त त्याची जबाबदारी दुसऱ्यानं घेतली, एवढंच.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. वागळे इस्टेट तेव्हा खरोखरच कारखान्यांची होती. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि त्यांतल्या काहींच्या लॉबीत ग्रीनच्या पाट्या. बाबा संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला कटिंग ऑइलचा वास यायचा. ऐंशीच्या दशकात त्यांच्याकडे 'क्वालिटी सर्कल' नावाचं वारं आलं. जपानात कामगारांचे असे गट १९६२ पासून भरू लागले होते, आपल्याकडे यायला वीसेक वर्षं गेली. आठवड्यातून एकदा, शिफ्ट संपल्यावर, सहा-सात माणसं बसून आपल्याच मशीनवर काय बिघडतंय याचा काथ्याकूट करायची. बाबा वहीत माशाचा काटा काढायचे. इशिकावा या जपानी प्राध्यापकाची ती आकृती : डोक्याशी बिघाड लिहायचा आणि प्रत्येक हाडावर एकेक कारण. माणूस, मशीन, माल, पद्धत. आईनं एकदा विचारलं होतं, कसला मासा आहे हा? बाबा म्हणाले, रिजेक्शनचा.

रिजेक्शन हा आमच्या घरातला रोजचा शब्द होता. कारखान्यात लाल रंगाची पेटी असायची. मापाच्या गेजमध्ये न बसलेला नग त्या पेटीत. शिफ्ट सुटताना प्रत्येकाच्या नजरेला ती पडायची, किती भरली ते दिसायचं. मी बांधकामात आले आणि माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे लाल पेटी नाही. आमचं रिजेक्शन गिलाव्याखाली जातं.

कॉलमचा साचा उघडला, कोपऱ्यात खडी उघडी पडली, हनीकोंब दिसला, की पहिला माणूस काय करतो? पोतं आडवं लावतो. दुसरा माणूस सिमेंटची स्लरी फासतो. इंजिनिअर पोचेपर्यंत कोपरा नव्या नवरीसारखा. मी पोत्याआधी पोचायला शिकले, हीच माझी वीस वर्षांची कमाई.

आणि पोचले की एनसीआर काढायचा. नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट. त्यात एक चौकोन असतो : मूळ कारण. दुसरा चौकोन : सुधारात्मक कृती. मागे एका पावसाळ्यात ऑफिसात अडकले होते तेव्हा मी जुने दोनशेच्या आसपास एनसीआर चाळले. निम्म्याहून जास्त कागदांवर मूळ कारण होतं 'ट्रेनिंगचा अभाव' आणि कृती होती 'ट्रेनिंग दिले'. भेग पडली, ट्रेनिंगचा अभाव. सळईवर काँक्रीटचं कव्हर कमी पडलं, ट्रेनिंगचा अभाव. बऱ्याच कागदांवर खाली माझीच सही. इशिकावांच्या माशाची सगळी हाडं आम्ही खाऊन टाकली होती, एक 'माणूस' तेवढा ताटात ठेवला होता.

हे कळायला मला एक रविवार लागला.

आमच्या स्लॅबच्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा मोठा भाग काढून स्लॅग घातलेला असतो, पोलाद कारखान्याच्या भट्टीतली धातुमळी दळून. सिमेंट कमी म्हणजे कार्बन कमी, खाऱ्या हवेतही असं काँक्रीट टिकतं चांगलं. पण ते सावकाश पिकतं. सातव्या दिवशी ताकद बघायला नमुन्याचा क्यूब फोडला की आकडा नेहमीपेक्षा कमी येतो, अठ्ठावीसाव्या दिवशी भरून काढतं, पुढेही वाढत राहतं. आणि तोवर त्याला पाणी लागतं. साध्या सिमेंटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे निदान सात दिवस पाणी मारायचं, असल्या मिश्रणाला दहा, कोरडं कडक ऊन असेल तर चौदापर्यंत. म्हणजे ग्रीन काँक्रीट हे घाईच्या साइटला न परवडणारं काँक्रीट आहे. पाणी तोडलं तर त्याचा वरचा थर साध्या काँक्रीटपेक्षाही कच्चा राहतो. ब्रोशरमध्ये पहिला भाग छापतात. दुसरा भाग स्लॅबवर पाइप घेऊन उभ्या असलेल्या पोरावर सोडतात.

आमचा पोरगा बंगालातल्या मालद्याचा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. सगळे त्याला 'पानीवाला' म्हणत. त्या रविवारी मी सहज म्हणून साइटवर गेले. स्लॅबला पाच दिवस झाले होते. गोणपाटं पापडासारखी वाळली होती, हात लावला की कुरकुरत होती. क्युरिंगच्या, म्हणजे पाणी मारण्याच्या, रजिस्टरवर मात्र सकाळी, दुपारी, संध्याकाळी अशा तीन सह्या, एकाच पेनानं, एकाच उताराच्या. संध्याकाळ अजून व्हायची होती.

मी जरा आवाज चढवूनच बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मैडम, मोटर का चाबी स्टोर में है. इतवार को स्टोर बंद."

एवढंच. मोटरच्या पॅनेलला कुलूप, चावी स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर रविवारी गावी नाहीतर सासुरवाडीला. पाच महिने दर रविवारी हेच. त्यातून मधल्या काही स्लॅबांना दहाच्या जागी आठ-नऊ दिवस असं काहीतरी पाणी मिळालं. पोराला क्युरिंग का करायचं ते पाठ होतं, त्यानं मला ते म्हणूनही दाखवलं, मी शिकवलेल्या शब्दांत. 'कंक्रीट सूखता नहीं, पकता है.' माझंच वाक्य माझ्या तोंडावर.

डेमिंग नावाचे अमेरिकन गृहस्थ १९५० साली जपानी उद्योगपतींना शिकवायला गेले होते. कारखान्यातल्या बहुतेक चुका कामगाराच्या नसतात, व्यवस्थेच्या असतात, असं ते जन्मभर सांगत राहिले. बाबांच्या वहीत ते नाव होतं. मी ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं. सोमवारी मी चावीची दुसरी प्रत काढून आणली, मानपाड्याच्या नाक्यावर, पन्नास रुपयांत. एनसीआरवर मूळ कारणाच्या चौकोनात 'चावी' असं लिहिलं. प्रोजेक्ट मॅनेजरनं ते खोडून 'पर्यवेक्षणाचा अभाव' करायला लावलं. चावी हे कारण बरं दिसत नाही म्हणे.

पाण्यावरून आठवलं. मे महिन्यात टँकर महाग झाला तेव्हा शेजारच्या सोसायटीच्या एसटीपीतलं, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं, पाणी क्युरिंगला घ्यायचं ठरलं. लॅबमध्ये तपासून घेतलं, क्लोराइड मर्यादेत होतं, पीएच व्यवस्थित. कागदावर सुरेख निर्णय. टूल बॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या बैठकीत, मी सकाळी आठला काचेच्या दोन बाटल्या घेऊन उभी राहिले, एकात नळाचं, एकात ते. सांगा कुठलं कुठलं? ओळखता आलं नाही कुणाला. मी खूश. मग मागून पानीवाल्यानं विचारलं, "तो नल का पानी बचेगा, वो कैंप में आएगा क्या?"

लेबर कॅम्पला तेव्हा सकाळी तासभर पाणी येत होतं. दोनशे माणसं, सोळा नळ. स्लॅबवर दिवसभर पाइप धरणारा पोरगा संध्याकाळी बादलीसाठी रांगेत. रेटिंगमध्ये कामगारांच्या मूलभूत सोयींनाही गुण आहेत आणि ते गुण आम्ही घेतले होते, कारण नळ मोजले जातात, पाणी मोजलं जात नाही. त्या प्रश्नानंतर कॅम्पचं पाणी तासाचं अडीच तास झालं. झालं ते भांडून झालं, माझ्या एकटीच्या भांडण्यानं नव्हे. मुकादमानं एक दिवस माणसंच वर पाठवली नाहीत, ते जास्त कामाला आलं.

मी ज्युनियर असताना ऐरोलीच्या एका साइट ऑफिसात भिंतीवर हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरचा फोटो लावलेला होता. अमेरिकेबाहेरची पहिली लीड प्लॅटिनम इमारत, २००३ सालची. लीड हे अमेरिकन ग्रीन रेटिंग, प्लॅटिनम त्यातली सगळ्यात वरची पायरी. जाळ्या, मधलं अंगण, गच्चीवर हिरवळ. मी तो फोटो बघत डबा खायचे. ग्रीन बिल्डिंग म्हणजे असं काहीतरी, कुणी थोर आर्किटेक्टनं कागदावर काढलेलं, अशी माझी समजूत झाली ती पुष्कळ वर्षं टिकली. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीची गच्ची पांढऱ्या चायना चिप्सची होती. फुटक्या कपबशा आणि टाइलचे तुकडे कोब्यावर बसवून घासलेले. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू त्या गच्चीला दुवा द्यायच्या. ऊन परतवणाऱ्या गच्चीला आता रेटिंगमध्ये गुण आहेत आणि त्यासाठी डब्यातून येणारा खास रंग आहे. तो दोन-तीन पावसाळ्यांत शेवाळतो आणि पुन्हा मारावा लागतो. चायना चिप्स बसवणारे कारागीर अजून आहेत, पण त्यांना विचारायला कुणी जात नाही, त्यांच्याकडे टेस्ट सर्टिफिकेट नसतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, मनातून जात नाही म्हणून. आधीच्या एका प्रकल्पावर, नाव राहू दे, बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगची पाँडिंग टेस्ट बहात्तर तासांची ठरली होती. पाणी भरायचं, पातळीची खूण करायची, खालच्या छताला ओल येते का बघायची. टाइलवाला दारात उभा होता. पाणी चोवीस तासांत सोडलं, कागदावर बहात्तर लिहिलं. ती सही माझी नव्हती, पण मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, कारण ताबा द्यायची तारीख जवळ आली होती. इमारतीला सर्टिफिकेट मिळालं, लॉबीत पाटी लागली. दोन पावसाळ्यांनी खालच्या घरातल्या आजींच्या देवघरावर पाणी ठिबकू लागलं. मला बघायला पाठवलं. वरचं बाथरूम फोडलं : टाइल, कोबा, भराव, सगळं. बावन्न गोण्या निघाल्या. मीच मोजल्या, लिफ्टपाशी उभी राहून. तेवढंच सामान पुन्हा वर चढलं. अशी त्या इमारतीत अकरा बाथरूम फुटली. डेब्रिजचा डंपर रात्री निघाला. कुठे गेला ते विचारू नका, खाडीकाठची कांदळवनं कशानं बुजतात ते ठाण्यात राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

त्या इमारतीच्या कागदांत वाचवलेल्या सिमेंटचा हिशेब किलोपर्यंत आहे. फुटलेल्या बाथरूमचा कुठेच नाही. फोडून पुन्हा केलेलं काम हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा कचरा आहे, असं मला वाटतं, आणि तो मोजायला रकाना नाही. मी आता प्रत्येक साइटवर एक वही ठेवते. फोडलं काय, गोण्या किती, चुकलं कशामुळे. कन्सल्टंटला ती दाखवली तर त्यांनी आदरानं परत केली.

दिवाळीला मिस्त्री मामा गावी गेले ते परत आले नाहीत. गुडघा धरलाय म्हणे. दुसऱ्या टॉवरवर नवी टोळी आली, बिहारकडची. पहिल्याच दिवशी मी ट्रेनिंगचं पत्रक घेऊन सातव्या मजल्यावर गेले, अस्वल काढून टाकलेलं, पावाचा तुकडा पिशवीत. ड्रम तिथे होताच. कोरडा. पानीवाला आता मिस्त्रीच्या हाताखाली लागला होता, तो नव्या माणसाला सांगत होता, "इसको मत डुबाना. ईंट नहीं है, पाव है." नवा माणूस त्याच्याकडे वेड्यासारखा बघत होता.

मी पिशवी तशीच ठेवली. पलीकडच्या खोलीतून ठाकठाक ऐकू येत होती. कटर न लावता कुणीतरी छिन्नी-हातोड्यानं नव्या भिंतीत वायरिंगची खाच पाडत होतं, आणि पावाचा भुगा दारापर्यंत उडत आला होता. मी तिकडे निघाले.